चेहरा न काढता मित्राचं व्यक्तिचित्र: प्रतीकं आणायची कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रदर्शनासाठी जवळच्या मित्राचं प्रतीकात्मक व्यक्तिचित्र काढायचंय, चेहरा दाखवायचा नाही, मग प्रतीकं निवडायची कशी, आणि बघणाऱ्यांना ती कळलीच नाहीत तर काय?

मी हे एकदा केलंय. खरं तर दोनदा, कारण पहिला कॅनव्हास वाया गेला. त्या वाया गेलेल्यापासूनच सुरुवात करतो, कारण प्रश्नाच्या सुरावरून वाटतंय की तुम्हीही आत्ता तिथेच अडलाय.

मी वही घेऊन बसलो होतो. पानाच्या एका बाजूला मित्राचे गुण लिहिले: विश्वासू, शांत, हुशार, अडीअडचणीला धावून येणारा. दुसऱ्या बाजूला त्यांची प्रतीकं. विश्वासू म्हणून जहाजाचा नांगर, शांत म्हणून तळं, धावून येणारा म्हणून पेटता दिवा. हुशारीपुढे कुठेतरी वाचलेलं घुबड लिहिलं, आणि मग लक्षात आलं की मराठीत एखाद्याला घुबड म्हटलं तर तो काही खूश होऊन घरी जात नाही. ते खोडलं. बाकीचं सगळं नीट मांडून रंगवलं आणि तीन आठवड्यांनी त्याला दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं, मग विचारलं, "छान आहे रे. कोण गेलं?"

बरोबरच होतं त्याचं. ते चित्र कुणाच्याही श्रद्धांजलीच्या फलकावर खपून गेलं असतं. विश्वासू, शांत, हुशार ही वर्णनं त्याला लागू होती, पण ती त्याच्यासारख्या हजारोंना लागू होती. आणि त्या वर्णनांची ठरावीक प्रतीकं घेतली की उरलासुरला मित्रही चित्रातून निघून जातो. शिवाय तीन-चार प्रतीकं शेजारी शेजारी ठेवली की बघणारा चित्र बघत नाही, कोडं सोडवायला लागतो. 'दिवा म्हणजे हे, तळं म्हणजे ते' झालं, की पुढच्या चित्राकडे.

मग मी ती वही बाजूला ठेवली आणि नव्या पानावर फक्त तो काय काय करतो ते लिहिलं. फोनवर 'ठेवतो' न म्हणता फोन ठेवतो. रस्त्याने चालताना नेहमी गाड्यांच्या बाजूने चालतो. कुठल्याही वस्तूचं खोकं टाकत नाही. वाढदिवस विसरतो, पण कुणाचं ऑपरेशन कुठल्या वारी आहे ते लक्षात ठेवतो. आणि सातव्या की आठव्या ओळीत हे आलं: आमच्यातल्या सगळ्यांच्या घरांच्या जादा किल्ल्या त्याच्याकडे असतात.

हे कुणी ठरवून केलेलं नाही. एकाने गावाला जाताना ठेवली, दुसऱ्याने दार लागून बाहेर अडकल्यावर शहाणपण येऊन ठेवली, असं करत करत त्याच्या दाराशेजारच्या लाकडी फळीवर अकरा किल्ल्या जमल्या. कुणाच्या किल्लीला दोरा, कुणाच्या चिकटपट्टीचा तुकडा, एकीला चक्क कोटाचं बटण. फळीला हुक मात्र बारा. बारावा त्याच्या स्वतःच्या किल्लीचा, आणि तो हल्ली कायम रिकामा. कारण हा गृहस्थ स्वतःची किल्ली कुठेतरी विसरतो, मग स्वतःच्याच बंद दाराबाहेर उभा राहून मला फोन करतो. आत अकरा घरांच्या किल्ल्या, बाहेर हा.

हे आठवलं आणि चित्र सापडलं. किल्ली हे प्रतीक म्हणून जुनंच आहे, गुपितं, सत्ता, प्रवेश वगैरे. पण मला किल्ली नकोच होती. मला अकरा भरलेले हुक आणि एक रिकामा हुक हवा होता. तुम्हीही वहीत हे शोधा: जिथे तुमच्या मित्राच्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत ती जागा. मला तरी माणूस तिथेच दिसतो. नुसतं कौतुक करणारं व्यक्तिचित्र चार पावलांवरून कंटाळवाणं दिसतं.

याची सर्वांत चांगली शिकवणी व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या दोन खुर्च्यांत आहे. 1888 च्या अखेरीस फ्रान्समधल्या आर्लमध्ये तो आणि त्याचा चित्रकार मित्र पॉल गोगँ दोनेक महिने एका घरात राहिले. त्या काळात त्याने दोन रिकाम्या खुर्च्या रंगवल्या, एक स्वतःची आणि एक गोगँची. स्वतःची साधी, बिनहातांची, गवती बैठकीची. दिवसाचा उजेड, खाली लाल फरशी, बैठकीवर पाइप आणि तंबाखूची पुडी. गोगँची हातांची, वळणदार लाकडाची. रात्रीची वेळ, भिंतीवर दिवा, बैठकीवर जळती मेणबत्ती आणि दोन पुस्तकं. आता यातल्या एकाही वस्तूचा अर्थ कोशात शोधून काही हाती लागत नाही. काम करतोय तो दोन खुर्च्यांमधला फरक. एक माणूस दिवसाचा, एक रात्रीचा. एक पाय रोवून उभी, दुसरी किंचित डौलात. आणि दोन्ही रिकाम्या. डिसेंबरच्या अखेरीस गोगँ ते घर सोडून गेला. हे ठाऊक नसलं तरी त्या खुर्च्यांकडे बघताना काहीतरी बिनसलंय हे जाणवतं. तुम्हाला वस्तू सापडली की हाच प्रश्न विचारा: तिच्यावर उजेड कुठला पडतोय आणि ती कशी उभी आहे?

मित्राला चिमटा काढायचा असेल तर तेही या प्रकारात बसतं. फ्रान्सिस पिकाबियाने 1915 मध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झचं 'व्यक्तिचित्र' म्हणून एक कॅमेरा काढला. भिंग वर 'आदर्श' या शब्दाकडे रोखलेलं, पण कॅमेऱ्याचा भाता, म्हणजे भिंगामागचा घड्यांचा भाग, मात्र फाटून लोंबकळलेला. चेहरा असलेल्या व्यक्तिचित्रात इतकं टोचून बोलायला फार कमी जणांना जमलंय.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, लोकांना कळलं नाही तर? पूर्ण कळणार नाही हे आधीच मान्य करून टाका, हात मोकळा होतो. चित्रकार मार्सडन हार्टलीने 1914 मध्ये पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या आपल्या जर्मन मित्राचं, कार्ल फॉन फ्रायबर्गचं, असंच बिनचेहऱ्याचं चित्र काढलं. काळ्या पार्श्वभूमीवर झेंडे, पदक, गणवेशाचे तुकडे, मित्राची आद्याक्षरं आणि 24 हा आकडा, म्हणजे त्याचं वय. पुढे हार्टलीने या चित्रांत काहीही दडलेलं नाही असं जाहीरपणे सांगितलंसुद्धा. तरी ज्यांना ना मित्र माहीत ना त्या आकड्याचा अर्थ, तेही त्यापुढे थांबतात, कारण रंग आणि रचना आधी पकडतात. म्हणून माझी एक कसोटी आहे: प्रतीकाचा अर्थ कुणालाच सांगायचा नाही असं ठरलं, तरी चित्र भिंतीवर टिकेल का? नसेल टिकत तर प्रतीक बदलून उपयोग नाही, रचना बदला.

अक्षरं आणि आकडे चित्रात घ्यायला अजिबात बिचकू नका. चार्ल्स डेमथने 1928 मध्ये त्याचा कवी मित्र विल्यम कार्लोस विल्यम्स याचं चित्र केलं त्यात मुख्य पात्र म्हणजे सोनेरी 5 चा आकडा, मित्राच्याच कवितेतल्या धावत्या आगीच्या बंबावरचा. आकडा तीनदा येतो, लहान, मोठा, आणखी मोठा, अंगावर धावून आल्यासारखा. मित्राच्या नावाचे तुकडे आजूबाजूला विखुरलेले. माणूस कुठेच नाही, आणि तरी चित्रभर त्याचाच गलका आहे.

माझ्या चित्राची घडण सांगतो, कारण चुका तिथेच जास्त झाल्या. पहिल्या स्केचमध्ये किल्ल्या खऱ्या मापाच्या काढल्या होत्या. टेबलावर छान वाटलं, भिंतीला टेकवून सहा फुटांवर गेलो तर किड्यांची रांग. मग 90 बाय 60 सेंटिमीटरचा आडवा कॅनव्हास घेतला, सहा-सहा हुकांच्या दोन ओळी केल्या आणि किल्ल्या जवळजवळ तिप्पट मोठ्या केल्या. प्रदर्शनात माणूस दोनेक मीटरवरून बघतो, आणि चित्राचा मध्य साधारण जमिनीपासून दीड मीटरवर येईल असं टांगतात. तेव्हा घरीही तेवढ्या उंचीवर टांगून, तेवढ्या अंतरावरून बघत काम करा.

धातू रंगवताना ट्यूबमधला चंदेरी किंवा सोनेरी रंग लावायचा मोह होतो. मी लावला आणि खरवडला. तो बाजूने चमकतो, समोरून सपाट दिसतो. धातूचा भास होतो तो गडद आणि उजळ अगदी खेटून ठेवल्याने, मधल्या छटा गाळल्याने. पोलादाच्या राखाडीत आसपासच्या लाकडाचा तपकिरी थोडा मिसळला की किल्ली त्या फळीवर खरंच टांगल्यासारखी दिसते. पितळेला यलो ऑकर आणि रॉ अंबर हे मातकट पिवळा आणि तपकिरी रंग, सावलीत किंचित हिरवट झाक. पांढरा ठिपका सर्वांत शेवटी, आणि अकराच्या अकरा किल्ल्यांवर नाही. मी चारच किल्ल्यांवर ठेवला.

रिकामा हुक हे सगळ्यात अवघड काम निघालं. नुसता रिकामा ठेवला तर चित्र अपुरं राहिलंय असं वाटत होतं. दोन दिवस त्याच्याशी झटापट केली, मग त्याच्याकडे जाऊन फळी पुन्हा नीट पाहिली. किल्ल्या हलून हलून प्रत्येकीखाली लाकडावर बारीक अर्धवर्तुळ घासलं गेलं होतं, आणि रिकाम्या हुकाखालचं सर्वांत खोल होतं. तेवढं रंगवलं आणि हुक 'रिकामा' दिसायला लागला. इथे किल्ली असायची, रोज असायची, आत्ता नाही. हे मला कल्पनेने सुचलं नसतं. प्रत्यक्ष वस्तूपाशी परत जाण्याचा कंटाळा करू नका.

त्या वेळी फोनवर फोटोही काढून आणले, आणि इथे एक सावधगिरीची गोष्ट. त्याच्या दाराशी पिवळा बल्ब आहे. अशा उजेडात निळा हिरव्याकडे झुकतो, पांढरा लोण्यासारखा होतो. फोटोवरून रंग उचलायचे असतील तर दिवसा काढलेला फोटो घ्या. नाहीतर मनातल्या मनात दुरुस्त्या कराव्या लागतात, आणि त्या दर वेळी बरोबर येतात असं नाही.

मुदत जवळ असेल तर ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात मिसळणारे, लवकर वाळणारे रंग. तैलरंगाचा पातळ थरसुद्धा हाताला सुका लागायला काही दिवस घेतो, जाड थर त्याहून बराच जास्त, आणि वॉर्निश लावायला रूढ पद्धतीत सहा महिने थांबतात. ॲक्रिलिक वाळताना थोडा गडद होतो एवढं ध्यानात ठेवून सुरुवातीला छटा किंचित उजळ ठेवा.

परवानगीचं मात्र गमतीवारी नेऊ नका. चेहरा नाही म्हणजे ओळख नाही असं होत नाही. ओळखीचे लोक वस्तूवरून माणूस चटकन ओळखतात. मी रंग लावण्याआधीच स्केच मित्राला दाखवलं आणि सरळ विचारलं, यातलं काय लोकांपुढे यायला नको? त्याने एका किल्लीवरची नावाची चिठ्ठी काढायला सांगितली. ती ज्या घराची होती तिथले लोक आता एकत्र राहत नव्हते. मला ते सुचलंच नव्हतं. तुमच्या मित्राचं आजारपण, तुटलेलं नातं, पैशाची ओढाताण असं काही प्रतीकात येत असेल तर त्याचा होकार आधी, कॅनव्हास नंतर. नाही म्हणाला तर दुसरी वस्तू शोधायची, त्याला पटवत बसायचं नाही.

शीर्षकात अर्थ ओतू नका. 'विश्वासाचे रक्षण' असं काहीतरी मी आधी लिहिलं होतं, आज आठवलं तरी कान लाल होतात. शेवटी लेबलवर फक्त 'मित्राचं व्यक्तिचित्र' लिहिलं. ते शब्द वाचून माणूस पुन्हा वर किल्ल्यांकडे बघतो, आणि ती दुसरी नजर मला हवी होती. 1961 मध्ये रॉबर्ट राऊशनबर्गने तर पॅरिसमधल्या गॅलरीवाल्या इरिस क्लेर्टचं व्यक्तिचित्र म्हणून एक तार पाठवली होती, मजकूर असा की मी म्हणतो म्हणून हे इरिस क्लेर्टचं व्यक्तिचित्र आहे. इतकं बिनधास्त व्हायची गरज नाही, पण लेबल किती काम करू शकतं ते यातून कळतं.

उद्घाटनाला मित्र आला होता. तो आपल्या चित्रापासून लांब, दुसऱ्याच कुणाच्या निसर्गचित्रापुढे उभा राहून लोकांचं बोलणं ऐकत होता. एकाला ते भाडेकरूंवरचं चित्र वाटलं, एकाला तुरुंगाचं. एका बाईंनी मात्र बोटाने हुक मोजले, बाराव्यापाशी थांबल्या आणि बरोबरच्या मुलीला म्हणाल्या, "हा बिचारा बाहेर राहिला." हे सगळं त्याने परत येऊन मला रंगवून सांगितलं. मग चित्राच्या अगदी जवळ गेला, दोन्ही हात पाठीमागे बांधून एकेक किल्ली तपासली, आणि म्हणाला, "वरच्या ओळीतल्या तिसरीचा दोरा निळा नाहीये. हिरवा आहे."

बल्बच्या उजेडातला तो हिरवा मी शहाणपणाने निळा करून टाकला होता. प्रदर्शन संपल्यावर कॅनव्हास घरी आणला आणि तेवढा दोरा बदलला.