मूळ मार्कशीट एजंटला देऊ नका, ताई

पत्र :

मॅडम, मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत आशा म्हणून काम करते. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ५७.६७ टक्के. फिजिक्स ३८, केमिस्ट्री ४१, बायोलॉजी ५७, इंग्रजी ५५, मराठी ७४, भूगोल ८१. नर्सिंगची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेशपरीक्षा, दिली होती, त्यात ५८ पर्सेंटाइल आलेत. डॉक्टरकीची नीट परीक्षाही दिली, तिथे काही जमलं नाही. आमचा ओबीसीचा दाखला आहे. एक एजंट घरी येऊन गेला. म्हणतो, फिजिक्सला एवढे कमी मार्क, महाराष्ट्रात तुमचा नंबर लागणार नाही. मंगळूरला सीट आहे, ५० हजार बुकिंग आणि मूळ मार्कशीट द्या. जाऊबाई म्हणतात, जीएनएमचा डिप्लोमा करू दे, स्वस्तात होतं, काम तेच. मुलीला बीएस्सी नर्सिंगच करायचंय. तिचे बाबा मच्छीमारी बोटीवर असतात, खर्च बेताचाच झेपेल. चार वर्षांत डिग्री हातात पडेल ना, एवढंच सांगा.

उत्तर :

ताई, आधी मार्कशीट. ती कपाटात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. बुकिंगचे पैसे बुडाले तर ५० हजार जातात. मूळ मार्कशीट अडकली तर मुलीचं वर्ष जातं, कारण दुसरीकडे कुठेही प्रवेशाला उभं राहायचं तर तीच लागते. माझ्याकडे दरवर्षी पावसाळ्यात अशी एखाद-दुसरी मुलगी येतेच. कागद कुठल्यातरी कॉलेजच्या ऑफिसात आणि पालक फोनवर गयावया करत असलेले. प्रवेश निश्चित झाल्यावर कॉलेजात स्वतः जाऊन, पावती घेऊन मूळ कागद द्यायचे. मधल्या माणसाला झेरॉक्सच्या पुढे काही द्यायचं नाही.

आता एजंटचं म्हणणं तपासू. बीएस्सी नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे चारही विषय सुटलेले हवेत आणि पहिल्या तिघांची बेरीज खुल्या गटातसुद्धा किमान ४५ टक्के हवी. तुमच्या मुलीची बेरीज करून बघा : ३८, ४१, ५७ म्हणजे ३०० पैकी १३६. ४५.३३ टक्के झाले, आणि इंग्रजी सुटलेलं आहेच. म्हणजे कुठल्याही सवलतीशिवाय ती पात्र आहे. फिजिक्सच्या ३८ नी काही अडत नाही, तो विषय सुटला एवढं पुरे. भूगोलाच्या ८१ चं मला कौतुक आहे, पण ते या हिशेबात धरत नाहीत. वयाची अट म्हणजे प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण, ती बारावी झालेल्या जवळपास सगळ्यांचीच भागते.

सीईटीचे ५८ म्हणजे ५८ टक्के मार्क नव्हेत. परीक्षेला बसलेल्या १०० जणांत साधारण ५८ जण तिच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, असा त्याचा अर्थ. पात्रतेसाठी खुल्या गटाला ५० वा पर्सेंटाइल आणि ओबीसीला ४० वा धरलेला आहे, त्यामुळे इथेही ती आत आहे. मुंबईत जे.जे. रुग्णालयाच्या आवारातलं सरकारी कॉलेज ५८ ला मिळेल असं मी म्हणणार नाही, तिथे स्पर्धा फार वर असते. तरी ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमात, ते सगळ्यात वर लिहा, लिहायला पैसे पडत नाहीत. खाली खासगी कॉलेजं भरा. नीटच्या मार्कांवर सैन्याच्या नर्सिंग कॉलेजात जाता येतं, पण तिथे इंग्रजी धरून चारही विषयांना मिळून ५० टक्के लागतात, तिचे ४७.७५ होतात. तो रस्ता आपण सोडून देऊ.

खासगी म्हटलं की तुम्ही घाबरणार, म्हणून फीचं सांगते. २०२४ पासून राज्य सरकारने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा. दुसरी अट नीट वाचा. त्याच कॉलेजात, त्याच वर्गात मॅनेजमेंटच्या सीटवर बसलेल्या मुलीला ही माफी नाही. मंगळूरच्या सीटला तर नाहीच. एजंट हे सांगत नाही, कारण कॅपमधून गेलेल्या मुलीमागे त्याला काही सुटत नाही. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, पुस्तकं यांचा खर्च मात्र घरूनच करावा लागेल. महाडीबीटीवर, म्हणजे फीमाफीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज भरताना ते कॉलेज आणि तो कोर्स यादीत दिसतोय ना, हे प्रवेश घेण्याआधीच कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न, चार वर्षांत डिग्री मिळेल का. प्रवेशाच्या धावपळीत हा प्रश्न फार कमी पालक विचारतात, तुम्ही विचारलात याचं बरं वाटलं. कोर्स चार वर्षांचा, आठ सत्रांचा. जास्तीत जास्त आठ वर्षांत तो पुरा करावा लागतो. आठ हा आकडा नियमात उगाच आलेला नाही, रखडणारी मुलं असतात. बारावीला ३५ ला सुटायची सवय झालेली असते. इथे इंग्रजी आणि ऐच्छिक विषय ४० ला सुटतात, बाकी सगळे ५० ला, आणि थिअरी, प्रॅक्टिकल वेगवेगळी सुटायला हवीत. पहिल्याच सत्रात शरीररचना आणि शरीरक्रिया हे दोन विषय इंग्रजीतून अंगावर येतात. विषय राहिला तरी पुढच्या सत्राच्या वर्गात बसता येतं, त्यामुळे मुलं निर्धास्त होतात. मग पाचव्या सत्राची परीक्षा दारात उभी राहते आणि मागचं सगळं सुटल्याशिवाय तिला बसता येत नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीला काठावर सुटलेल्या मुलीने पहिलं वर्ष जपायला हवं. मराठी माध्यमातून आलेली असेल तर तिला आत्तापासून हाडांची, स्नायूंची इंग्रजी नावं पाठ करायला बसवा.

पण कोकणातल्या मुली परीक्षेपेक्षा हजेरीत जास्त अडकतात, हा माझा अनुभव. परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी लागते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. डिग्री मिळायच्या आधी वॉर्डातली, म्हणजे प्रत्येक क्लिनिकल विभागातली हजेरी १०० टक्के पुरी करावी लागते, हे तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळतं. ८० च्या वरचे २० माफ झाले असं मुली धरून चालतात. ते माफ नसतात, उधार असतात. संगमेश्वरकडची एक मुलगी माझ्या ओळखीची. अभ्यासात चांगली. दरवर्षी गणपतीला दहा दिवस, शिमग्याला पालखी घरी येईपर्यंत, शिवाय मामाचं लग्न. विषय एकही राहिला नाही. मैत्रिणींची नोंदणी होऊन त्या कामाला लागल्या आणि ही बालरोग विभागातले राहिलेले दिवस भरत बसली. पालखी चुकवा असं मी कोणाला सांगायची नाही, माझ्याही घरी येते. पण परत आल्यावर त्याच महिन्यात ते दिवस भरून, लॉगबुकवर सही घेऊन मोकळं व्हायचं. ज्या केसेस केल्या त्यांची नोंदही त्या त्या दिवशी. वर्षाअखेरीस सहा महिन्यांपूर्वीचं बाळंतपण आठवून कोणी लिहू शकत नाही.

आठवं सत्र म्हणजे इंटर्नशिप, २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास. त्यात रात्रपाळ्या आल्याच. मोठ्यांचे वॉर्ड, लहान मुलं, मानसिक आरोग्य, प्रसूती आणि तुमच्या ओळखीचं सामुदायिक आरोग्य, असे विभाग असतात. ही पुरी झाली, विद्यापीठाचा निकाल लागला, की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी. ती होईपर्यंत डिग्री असूनही मुलगी नर्स म्हणून काम करू शकत नाही. तेव्हा चार वर्षांवर नोंदणीचे काही दिवस धरून चाला.

यावरून कॉलेज कसं निवडायचं तेही ठरतं. इमारत बघू नका, हॉस्पिटल बघा. नियमात कॉलेजला १०० खाटांचं पालक, म्हणजे स्वतःचं, रुग्णालय धरलेलं आहे. एखाद्या सकाळी दहाच्या सुमाराला न सांगता जा आणि खाटांवर माणसं आहेत का ते पाहा. गादीवरचं प्लॅस्टिकही न काढलेले वॉर्ड मी पाहिलेत. तिथल्या मुली रोज दीड-दोन तास बसने दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात जातात आणि एवढ्या जणी एका पेशंटभोवती उभ्या राहतात की त्या पेशंटलाच अवघडल्यासारखं होतं. तुम्ही आशा आहात, पेशंट घेऊन सरकारी दवाखान्यात जाता. वॉर्ड चालू आहे की दाखवायला उघडलाय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. कागदांत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि भारतीय परिचर्या परिषदेची यंदाच्या वर्षाची मान्यता पाहा. परिषदेचा १९४७ चा कायदा जाऊन २०२३ च्या कायद्याने नवा राष्ट्रीय आयोग येतो आहे, त्यामुळे पुढे कागदावरचं नाव बदललेलं दिसलं तर दचकू नका. मंगळूरला चांगली कॉलेजं नाहीत असं अजिबात नाही. परीक्षा नको, मार्क नकोत, फक्त बुकिंग द्या, असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातून तिथे जाऊ नका.

जाऊबाईंचं जीएनएम. त्यांचं अगदीच चूक नाही. तीन वर्षांचा डिप्लोमा, बारावी कुठल्याही शाखेची चालते, सरकारी प्रशिक्षण केंद्रात मिळालं तर खरोखर स्वस्त, आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बीएस्सी होता येतं. म्हणजे पाच वर्षं. वॉर्डात पहिली काही वर्षं काम बरंचसं सारखंच असतं. फरक पुढे पडतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला बीएस्सीवाली थेट बसते, जीएनएमला दोन वर्षांचा अनुभव मागतात. तुमच्या उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणून जे बसतात, त्या कामाचा अभ्यास बीएस्सीच्या नव्या अभ्यासक्रमातच घातलेला आहे. मुलगी पात्र असताना, फी माफ होत असताना, मी बीएस्सीच सांगेन. कॅपच्या शेवटच्या फेरीपर्यंत काहीच लागलं नाही, तर जीएनएम. तिकडची प्रक्रिया वेगळी असते, म्हणून तिच्या तारखांवरही लक्ष ठेवा.

सेतूतली कामं आत्ताच उरका. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, आणि नॉन-क्रिमीलेअरची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत आहे ना ते बघा. जातवैधता अजून काढली नसेल तर आज उद्या करू नका. पावसात लाइट जाते, सर्व्हर बसतो, आणि तहसीलला खेपा होतात. कॅपच्या फेऱ्या लांबत लांबत गणपतीपर्यंत येऊ शकतात. त्या दिवसांत नंबर लागला तर दिलेल्या तारखेच्या आत कॉलेजात हजर व्हावं लागतं आणि कोकण रेल्वेत उभं राहायलाही जागा नसते. दोघींच्या एसटीच्या भाड्याचे पैसे बाजूला काढून ठेवा.

आणि फॉर्मवर मोबाइल नंबर तिचा किंवा तुमचा द्या, बाबांचा नको. १ ऑगस्टला मासेमारीवरची पावसाळी बंदी उठली की ते समुद्रात असणार आणि ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार. घरात रेंज नसेल तर ज्या दिवशी यादी लागायची असेल त्या दिवशी तिला सकाळीच सड्यावर, वरच्या उघड्या माळावर, पाठवा.