आधी पेटी उघड

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा कौतुकानं, तिसऱ्यांदा चिडून.

घरात चार गिटारी, आठ महिन्यांत एकीलाही हात लागलेला नाही, आणि प्रश्न काय, तर पाचवी कोणती घेऊ! वर हिशेब असा की पंचेचाळिशीत काम सोडायचं, तोवर संग्रह पुरा करायचा, मग निवांत वाजवत बसायचं. हा 'निवांत' मीही तीस वर्षं उराशी धरून होतो. म्हणून सांगतो, गिटारीची पेटी उघड. पाचवीचं नंतर बघू.

माझ्याकडे अकरा आहेत. बहुतेकींच्या मागे ऑफिसातलं काहीतरी आहे. मला बढती मिळाली म्हणून एक, दुसऱ्याला मिळाली म्हणून आणखी एक. आणली की महिनाभर कोडकौतुक, मग पेटी, मग पलंगाखाली. कुणी टोकलंच तर उत्तर तयार असायचं: गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरला तरी कुठे गिटार वाजवता येत होती? खरंच येत नव्हती, आणि तरी 1954 साली स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार त्याच्याच कारखान्यातून बाहेर पडली. फक्त तो माणूस रोज वाद्यांमध्ये हात घालून बसायचा, एवढा भाग मी सांगताना गाळायचो.

काम सुटल्यावरच्या पहिल्या सोमवारी सगळ्या पेट्या बाहेर काढल्या. फोन वाजत नव्हता, कुणाला माझ्याकडून काही नको होतं. अशी सकाळ किती लांब असते ते तुला आत्ता कळणार नाही. तारा गंजलेल्या. स्टीलच्या सहा तारा मिळून 70 किलोच्या आसपास ताण देतात, तू वाजव की नको वाजवूस. तो ताण वर्षानुवर्षं सोसून माझ्या सगळ्यात लाडक्या अकूस्टिकचा (बिनविजेच्या गिटारीचा) ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, मागच्या बाजूनं उचलला होता. दुसरीच्या स्प्रूसच्या लाकडाला कोरड्या हवेनं चीर गेलेली. आणि एका बोटानं सगळ्या तारा दाबायचा तो एफचा बार कॉर्ड धरला तर निम्म्या तारा नुसत्या खटखटल्या. बोटांचे घट्टे कधीच जिरले होते. लोक अशा वेळी जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचं उदाहरण देतात, भाजलेल्या हाताची दोन बोटं जायबंदी होऊनही तो नव्यानं शिकला म्हणून. शिकला ना. पण 1928 मध्ये ती आग लागली तेव्हा तो 18 वर्षांचा होता. माझी बोटं साठीची.

मग मी काय केलं असेल? तक्ता केला. सीरियल नंबर, लाकूड, तारा बदलल्याची तारीख, खोलीतली आर्द्रता, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. दोन महिने, दहा ते सहा. मुलगी एक दिवस मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही परत कामावर लागलात की!" मी तिच्यावर खेकसलो. तक्ता मात्र त्यानंतर भरला नाही.

तू लगेच आर्द्रतेचा मुद्दा काढशील, ओळखतो मी तुला. 45 ते 55 टक्के हवी, पेटीत ती सांभाळता येते, बनवणारेच तसं सांगतात. मान्य. महागाच्या राहू देत आत. पण एक, जिच्यात जीव सगळ्यात कमी अडकलाय अशी, स्टँडवर ठेव, खुर्चीवरून हात पोचेल इतक्या जवळ. ओरखडा येईल, पडेलसुद्धा. पडू दे. रोज वीस मिनिटं वाजव. दमून येतो हे मला सांगू नकोस. मीही दमायचो, आणि तरी मध्यरात्रीपर्यंत विकायला आलेल्या गिटारींचे फोटो बघायला ताकद उरायची.

तुझ्याकडे स्ट्रॅट, म्हणजे तीच स्ट्रॅटोकास्टर, आहे म्हणून एक गोष्ट सांगतो. तिचा पिकअपचा (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकांचा) स्विच मुळात तीन जागांचा होता. वाजवणाऱ्यांनी तो दोन जागांच्या मधे अडकवून बघितला आणि भलताच आवाज हाती लागला, पोकळसा, किणकिणता. कारखान्यातून पाच जागांचा स्विच आला 1977 मध्ये. तेवीस वर्षं तो आवाज प्रत्येक स्ट्रॅटमध्ये होता, फक्त खटपट करणाऱ्यांना सापडत होता. माझ्या स्ट्रॅटला पाच जागांचा स्विच पहिल्यापासून होता. त्यातल्या चौथ्या जागेवर काय वाजतं ते मला साठीनंतर कळलं. चिडतो तो तुझ्यावर नाही रे.

आणि मला सोयीचं वाटणारं काहीतरी उत्तर लिहून पाठवू नकोस. 'पुढच्या महिन्यापासून' तर मुळीच नको. पेटी उघड, आज, हे पत्र खाली ठेवून. तारा मेलेल्या असतील तर मेलेल्या तारांवर वाजव.

आता तू उलट विचारशील की मग या अकरा विकत का नाही. मुलगीही विचारते. दोनच वाजवतो हे खरं आहे. पण ब्रिज उचललेली दुरुस्त करून कुणाला द्यायची, तिला नीट वागवेल असा माणूस मिळायला हवा. चीर गेलेलीला कोण घेणार? आणि बारा तारांची आहे ती माझ्या पहिल्या पगारवाढीची, तिचा प्रश्नच येत नाही. तीही वाजवतो मी, अधूनमधून. म्हणजे तिच्या बारा तारा सुरात लावण्यातच वीस मिनिटं जातात. ती मी त्या दिवसाची धरतो.