सूर्योदय बघायला नक्की कोण उठलं होतं?

"मॅडम, ब्रेकअपनंतर एकटीने फिरून आलं की माणूस सावरतो म्हणतात ना, मग मी दहा दिवस फिरून आले तरी होते तिथेच का आहे, माझंच काही चुकतंय का?" थोड्याफार फरकाने हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे इतक्या वेळा येतो की एका मुलीची गोष्टच सांगते, तिला विचारून आणि ओळखीचे तपशील बदलून.

सत्तावीस-अठ्ठावीसची, पाच वर्षांचं नातं, त्याने थांबवलेलं. भांडण नाही, फसवणूक नाही, त्याला पुढे जायचं नव्हतं एवढंच. असं असलं की जास्त अवघड जातं कारण राग काढायला कोणी व्हिलनच मिळत नाही. दोन महिने रडून झाल्यावर हिने बॅग भरली आणि गेली डोंगरात, एकटी. पहिल्या सेशनला मला फोटो दाखवत होती आणि खरंच सुंदर होते फोटो. त्यातला एक सूर्योदयाचा. म्हणाली, "साडेचारला उठून गेले होते, थंडीने बोटं वळत नव्हती."

मी सहज विचारलं, "तुला आवडतं का गं पहाटे उठायला?"

ती थांबली. बराच वेळ काही बोलली नाही, मग हळूच म्हणाली, "नाही. त्याला आवडायचं."

आता यात हसण्यासारखं काही नाही, बहुतेकांचं असंच होतं. जवळच्या नात्यात दोघांच्या आवडीनिवडी, मित्र, रविवार कसा घालवायचा, सगळं एकमेकांत मिसळून जातं. २०१० साली मानसशास्त्रज्ञ एरिका स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी यावर संशोधन केलं होतं, त्यात दिसलं की नातं तुटल्यावर 'मी कोण' हेच धूसर होतं आणि त्या धूसरपणाचा दुःखाशी थेट संबंध असतो. म्हणजे नुसता तो गेला म्हणून त्रास होत नाही, त्याच्याबरोबरची ती 'मी' पण गेलेली असते.

दुसरी गोष्ट फोनची. रोज रात्री स्टेटस टाकायची आणि त्याने बघितलं का ते बघायची. २०१० सालीच मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर यांच्या टीमने नुकताच नकार मिळालेल्या पण अजून प्रेमात असलेल्या १५ जणांना नकार देणाऱ्या व्यक्तीचा फोटो दाखवून मेंदूचे स्कॅन घेतले, तर व्यसनाच्या तलफेशी जोडलेले भाग जागे झालेले दिसले. मग दर रात्री त्याचं नाव शोधणं म्हणजे सिगारेट सोडताना रोज एकच झुरका घेण्यासारखं झालं ना! शरीराने ती डोंगरात होती, पण ट्रिप चालू होती त्याच्यासाठीच.

खरं सांगायचं तर 'स्वतःला शोधायला' जाणं ही भाषा मला फारशी पटत नाही, आपण काही कुठल्या घाटात हरवून बसलेलो नसतो. प्रवासाचा उपयोग वेगळाच असतो, तिथे दिवसाला पन्नास फुटकळ निर्णय घ्यावे लागतात आणि "तुला काय वाटतं?" विचारायला शेजारी कोणी नसतं. म्हणून ती पुन्हा एकटी निघाली तेव्हा तिला मी दोनच गोष्टी सांगितल्या, परत येईपर्यंत एकही फोटो टाकायचा नाही आणि रोज रात्री वहीत लिहायचं की आज मी काय ठरवलं आणि ते मला आवडलं का. ठिकाण कुठलंही चालेल, दोन दिवस पुरेत.

(ज्यांची झोप-भूक कित्येक आठवडे उडाली आहे किंवा जगणं नकोसं वाटतंय त्यांनी मात्र एकटं कुठेही जाऊ नका, आधी जवळच्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना भेटा, प्रवास नंतर.)

परत आली ती वही घेऊनच. पहिल्या दिवशी साडेनऊपर्यंत झोपली होती आणि त्याचं इतकं गिल्टी वाटलं की अख्खं पान त्यावरच. एका रात्री खूप रडली, तेही लिहिलेलं. त्याला मेसेज टाइप करून खोडला, तेही. आणि शेवटच्या पानावर बसमधली एक नोंद होती. पाच वर्षं तो तिला प्रेमाने खिडकीची सीट द्यायचा, "तुला आवडते ना" म्हणून, आणि ती थँक्यू म्हणून बसायची. या वेळी एकटीच होती तर आतली सीट घेतली, पाय मोकळे पसरले. खाली लिहिलं होतं, "मला खिडकी आवडतच नाही. हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं, त्याची काय चूक?"

त्या दिवशी पहिल्यांदा तिने त्याच्याबद्दल न रडता बोलायला सुरुवात केली.