टर्बो बसवलेल्या पेट्रोल गाडीसाठी वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरचा कोणता गेज घ्यावा?

आपण १.३ लिटरच्या इंजिनाला टर्बो आणि प्रोग्रॅमेबल ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) बसवून, एक्झॉस्टमधील ऑक्सिजनवरून हवा-इंधनाचे मिश्रण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरसाठी एईएम कंपनीचा गेज घ्यावा की इनोव्हेटचा, असे विचारले आहे. माझ्या मते आधी सेन्सर पाहावा आणि तो बॉशचा एलएसयू ४.९ असावा. जुन्या ४.२ सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि ती दूषित झाली की वाचन बिघडते, ४.९ मात्र तुलनेचा ऑक्सिजन स्वतःच आत पंप करून घेतो. एईएमचा एक्स-सिरीज आणि इनोव्हेटचा एमटीएक्स-एल प्लस हे दोन्ही गेज ४.९ वरच चालतात, त्यामुळे यांपैकी कोणताही घेतला तरी सेन्सरच्या बाबतीत आपले नुकसान नाही. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये त्याच सेन्सरशी जुळवलेला रेझिस्टर असतो, म्हणून वायर लांबवण्यासाठी तो कनेक्टर कधीही कापू नये.

खरा फरक पडतो तो गेजकडून ईसीयूकडे आकडा कसा जातो, यामुळे. माझ्या गाडीत गेज हवा-इंधनाचे गुणोत्तर १२.२ दाखवत असे आणि ईसीयूच्या लॉगमध्ये १२.८ दिसत असे, आणि मी त्या लॉगवर विसंबून दोन आठवडे इंधनाचे टेबल (केव्हा किती इंधन सोडायचे याचा ईसीयूमधील तक्ता) विनाकारण बदलत राहिलो. गेजचे अर्थिंग डॅशबोर्डच्या पत्र्याला आणि ईसीयूचे इंजिनाला होते. सेन्सरच्या हीटरचा प्रवाह त्या अर्थिंगमधून जात असल्यामुळे दोन टोकांत ०.३ व्होल्टचा फरक पडत होता, आणि शून्य ते ५ व्होल्टमध्ये १० ते २० हे गुणोत्तर पाठवणाऱ्या आउटपुटवर तेवढ्यानेच ०.६ ची चूक होते. आपला ईसीयू कॅन (गाडीतील उपकरणांना जोडणारे डिजिटल जाळे) संदेश वाचू शकत असेल, तर कॅन आउटपुट असलेला गेज घ्यावा; नसेल, तर दोन्हींचे अर्थिंग एकाच ठिकाणी जोडावे.

भारतात आता ई२० पेट्रोल सर्वत्र मिळत असल्यामुळे गेज लॅम्डावर (प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले त्या इंधनाचे आदर्श गुणोत्तर) ठेवावा, असा माझा आग्रह आहे. वाइडबँड मुळात लॅम्डाच मोजतो आणि त्याला १४.७ ने गुणून गुणोत्तर दाखवतो, तर ई२० चे आदर्श गुणोत्तर साधारण १३.५ आहे. लॅम्डा १ चा अर्थ मात्र कोणत्याही इंधनात तोच राहतो. पूर्ण बूस्टवर (टर्बोचा दाब पूर्ण असताना) लॅम्डा ०.७८ ते ०.८२ च्या आसपास राहावे.

सेन्सर एक्झॉस्टमध्ये टर्बोच्या नंतर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, पाणी साचू नये म्हणून आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर कललेला बसवावा. एक्झॉस्टची गळती आणि मिसफायर या दोन्हींमुळे न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि मिश्रण खोटेच लीन (इंधन कमी असलेले) दिसते, त्यामुळे अचानक लीन आकडा आल्यास इंधन वाढवण्यापूर्वी प्लग आणि गॅस्केट तपासावेत. गेज काही काळ बंद ठेवायचा असेल, तर सेन्सर काढून त्या जागी एम१८×१.५ आट्याचा प्लग लावावा, कारण हीटर बंद असलेला सेन्सर चालू इंजिनाच्या धुरात काजळी धरून निकामी होतो.