आजी 'दुर्गाबाई' काहून म्हणते?

मनू बेटा,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, दोनदा ऐकावा लागला कारण मागून आजीची बकरी ओरडत होती. तू विचारलं की टीव्हीवर मुघल-ए-आझममधली जोधाबाई दिसली की आजी "ह्या आपल्या दुर्गाबाई" काहून म्हणते, त्या आपल्या नात्यातल्या होत्या का, आणि पुण्याच्या आत्याकडे भांडी घासायला येते तिलाही बाईच म्हणतात, मग हे कसं.

नात्यातल्या नाही गं. ती जोधाबाई झालेल्या नटी म्हणजे दुर्गा खोटे. त्या मुंबईच्या, वडील सॉलिसिटर, स्वतः कॉलेजात शिकलेल्या, आपल्या गडचिरोलीतल्या वडशाकडच्या धानाच्या बांधीशी त्यांचा काय संबंध! पण आपल्यात 'बाई' हा मान आहे. जिजाबाई, सावित्रीबाई. शाळेतल्या मॅडमला आम्ही बाईच म्हणायचो, आजी तर तिच्या मोठ्या बहिणीलाही बाई म्हणायची. आत्याकडे म्हणतात तोही खरं तर मानच, लोकांनी बोलूनबोलून स्वस्त केला.

आता गंमत ऐक. फाळकेंनी 1913 मध्ये राजा हरिश्चंद्र काढला तेव्हा तारामती व्हायला कोणी बाईच मिळेना, शेवटी हॉटेलात काम करणारे साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. नाटकातही तेच, बालगंधर्व पुरुष असून नायिका व्हायचे आणि बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला शिकायच्या. मग 1932 मध्ये प्रभात फिल्म कंपनीनं अयोध्येचा राजा काढला, गोष्ट तीच, तारामती तीच, पण ह्या वेळी दुर्गाबाई. पदरी दोन मुलं, घरात पैशाची गरज, आणि एवढ्या मोठ्या घरची सून सिनेमात गेली म्हणून लोकांनी नाकं मुरडली ती वेगळीच. अमरज्योतीत तर त्या समुद्रावरच्या चाच्यांची म्होरकी झाल्या, हे तुला आवडेल. 1937 मध्ये स्वतः सिनेमा काढला. सिनेमात नाव झालं तरी नाटक सोडलं नाही, भाऊबंदकीतल्या आनंदीबाई त्याच. आणि 1983 साली त्यांना मोठा पुरस्कार मिळाला तो कोणाच्या नावाचा, तर दादासाहेब फाळकेंच्या. ज्यांना एक बाई मिळत नव्हती त्यांच्याच!

आजीचं म्हणशील तर तिनं हे काही वाचलेलं नाही. तिच्या लेखी नटी म्हणून काम करणारी बाई म्हणजे झाडीपट्टीच्या, आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकातली. धान निघालं की मंडई म्हणजे गावची जत्रा, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री दहाला नाटक सुरू ते पार उजाडेपर्यंत, आम्ही तणसावर शाल घेऊन बसायचो आणि पेटी-तबल्याच्या आवाजात झोपून जायचो. एका वर्षी कंपनीतल्या एक बाई आमच्या घरी तोंड धुवायला आल्या, पहाटे, पावडर अर्धी पुसलेली, पायात घुंगरांचे वळ, लगेच दुसऱ्या गावाला निघायचं होतं. मी असेन आठ वर्षांचा. मी ओसरीवरूनच ओरडलो, "आई, ते नाटकातली आली व!"

आजीनं चुलीवरचं गरम पाणी बादलीत ओतलं, त्यांच्यासमोर ठेवलं, मग माझ्याकडे वळली आणि कान असा पिळला की बाप्पा!

"बाई आल्या म्हण," म्हणे.

तुझा बाबा