लंडन ते न्यूयॉर्क : अंतर एकच, मग वेळ वेगळी का?

लंडन-न्यूयॉर्क अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे प्रवास सव्वासहा तासांचा व्हायला हवा. मग वेळापत्रकात जाताना आठ तास आणि येताना सात तास का, असे आपण विचारले आहे. आपला भागाकार बरोबर आहे, फक्त भाजक चुकला आहे.

अंतराचा आकडा मात्र योग्य आहे. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो ज्या वाटेने जाईल त्या वाटेची ही लांबी आहे. सपाट नकाशावर हीच वाट उत्तरेकडे फुगलेली दिसते आणि विमान उगाच वळसा घेत असल्याचा भास होतो. प्रत्यक्ष मार्ग थोडा लांब पडतो, कारण अटलांटिकवरील मार्ग रोजच्या वाऱ्यांचा अंदाज पाहून ठरवले जातात.

खरी गोम वाऱ्यात आहे. ताशी ९०० किलोमीटर हा विमानाचा भोवतालच्या हवेतील वेग आहे आणि ती हवा स्वतःच वाहत असते. या अक्षांशांवर साधारण दहा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याची अरुंद धार, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, आणि हिवाळ्यात तिचा जोर अधिक असतो. वाटेत सरासरी १०० किलोमीटरचा वारा धरला, तर न्यूयॉर्ककडे जाताना जमिनीच्या संदर्भातला वेग ८०० उरतो आणि ६ तास ५६ मिनिटे लागतात. परतताना तो १,००० होऊन ५ तास ३३ मिनिटे पुरतात. (जाताना गमावलेला वेळ परतताना पूर्ण भरून निघत नाही, हे लक्षात घ्यावे : वारा नसता तर दोन्ही फेऱ्यांना मिळून ९ मिनिटे कमी लागली असती.) फेब्रुवारी २०२० मध्ये 'कियारा' वादळाच्या वेळी एका बोइंग ७४७ विमानाने न्यूयॉर्कहून लंडन अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत गाठले होते, ते याच वाऱ्याच्या बळावर.

याखेरीज वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग, वर चढताना व उतरताना कमी असलेला वेग आणि उशिरासाठी कंपनीने राखलेली सवड, हे सर्व त्यात येते. म्हणून केवळ अंतरावरून वेळ सांगणाऱ्या गणकयंत्रांवर विसंबून पुढचे विमान ठरवणे मला धोक्याचे वाटते.

तिकिटावरील वेळा स्थानिक असतात, हेही ध्यानात ठेवावे. लंडनहून सकाळी १० वाजता निघालेले विमान न्यूयॉर्कला दुपारी १ वाजता पोहोचते, कारण तेथील घड्याळ पाच तास मागे असते. मार्चमध्ये दोन ते तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेर एक आठवडा हा फरक चारच तासांचा असतो, कारण दोन्ही देश घड्याळे वेगवेगळ्या रविवारी बदलतात; त्या दिवसांचे तिकीट असेल तर पाचऐवजी चार धरून हिशेब करावा.