अनामत देण्याआधी ती शिधापत्रिका पाहा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका वाचकांनी दोन प्रश्न विचारले आहेत: रस्त्यावरील बेघर माणसांना रोज काही ना काही देण्याची सवय चालू ठेवावी का, आणि मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर बसणाऱ्या सत्तरीच्या एका आजींना भाड्याच्या खोलीच्या अनामतीसाठी १०,००० रुपये द्यावेत का. त्यांच्या हाती दरमहा ४६,००० रुपये येतात. गृहकर्जाचा हप्ता, घरखर्च आणि आईची औषधे मिळून ४०,००० जातात, रस्त्यावर सुमारे १,८०० दिले जातात. गंगाजळी म्हणून ६०,००० रुपयांची एकच मुदत ठेव आहे आणि ती मोडण्यास त्यांच्या पत्नीचा विरोध आहे.

रोजचे देणे बंद करू नका. उत्पन्नाच्या चार टक्क्यांच्या आसपासची ही रक्कम तुमच्या घराला पेलते. अडचण आहे ती रक्कम ठरलेली नसण्याची. शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाला गेल्यावर महाद्वार रोडवर खिशात असेल तेवढे देऊन टाकता, आणि महिनाअखेरीस ज्याला खरोखर गरज असते त्याच्यासमोरून मान खाली घालून निघून यावे लागते, असे तुम्हीच लिहिले आहे. एक तारखेला ठरावीक रक्कम दहाच्या नाण्यांत आणून गाडीच्या डिकीत वेगळ्या पिशवीत ठेवा आणि ती संपली की त्या महिन्याचे देणे संपले, असे समजा. त्या दहा रुपयांचा चहा झाला की तंबाखू, याची चौकशी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दिलेला पैसा देणाऱ्याचा राहत नाही. लहान मुलांच्या हाती मात्र रोख देऊ नका. मूल एकटे किंवा संकटात दिसल्यास १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा. रस्त्यावरच्या देण्यातून करसवलत मिळत नाही, आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवरही आयकरात वजावट मिळत नाही. त्यामुळे पावतीसाठी रस्त्यावरचे देणे संस्थेकडे वळवण्याचे कारण उरत नाही.

आता आजींविषयी. ठेव मोडू नका, या बाबतीत तुमच्या पत्नीचे म्हणणे योग्य आहे. ६०,००० म्हणजे तुमच्या घराचा जेमतेम दीड महिन्याचा खर्च आहे आणि घरात आजारी आई आहे. शिवाय अनामतीने खोली मिळेल, पण खोलीचे भाडे तुम्ही २,००० सांगता आणि ते कोण भरणार याचा उल्लेख पत्रात नाही. तुम्ही भरायचे ठरवले, तर रस्त्यावर देता ते सगळे आणि वर २०० रुपये दरमहा लागतील. पाच महिने भाडे थकले की अनामत त्यातच वळती होईल आणि आजी पुन्हा त्याच फलाटाबाहेर येतील.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे. आजींकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत दोऱ्याने बांधलेली, कडा झिजलेली जुनी शिधापत्रिका आहे आणि तिच्यावर त्यांचे नाव अजून वाचता येते. निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाले. ६५ वर्षांचे वय, उत्पन्नाचा दाखला, राज्यातील १५ वर्षांचे वास्तव्य आणि आधारशी जोडलेले बँक खाते त्यासाठी लागते, आणि वास्तव्याच्या पुराव्याची सुरुवात त्या शिधापत्रिकेपासून होऊ शकते. आधार कार्ड नसल्यास ते काढण्यासाठी राजपत्रित अधिकारी, आमदार, नगरसेवक किंवा मान्यताप्राप्त निवारा केंद्राचे अधीक्षक विहित नमुन्यात प्रमाणपत्र देऊ शकतात. म्हणून महिलांच्या निवारा केंद्रात जागा आहे का, याची महापालिकेत आधी चौकशी करा, म्हणजे डोक्यावर छप्पर आणि कागदाची सोय एकाच ठिकाणी होईल. बँकेत शून्य शिलकीचे जनधन खाते उघडता येते.

झेरॉक्स, फोटो आणि रिक्षाभाडे यांवर काही शे रुपये खर्च होतील, तुमच्या दोन-तीन अर्ध्या रजा जातील, आणि मंजुरीला काही महिने लागतील. पण अनुदान सुरू झाले की वर्षाला १८,००० रुपये आजींच्या स्वतःच्या नावावर येतील. इतका परतावा देणारी दुसरी कोणतीही योजना मी तुम्हाला सुचवू शकत नाही. मग भाड्यात ५०० रुपयांचीच तूट राहील. ती तुम्ही भरलीत तरी रस्त्यावर देण्यासाठी १,३०० उरतील. दरम्यान महिन्याच्या शिल्लक ४,२०० मधून १,००० वेगळे ठेवलेत, तर दहा महिन्यांत अनामत ठेवीला हात न लावता उभी राहील. ती घरमालकाच्या हाती द्या, पावती आजींच्या नावाने घ्या, आणि ही रक्कम उसनी आहे असे मनातही ठेवू नका.

आजींना अनामतीचे वचन आज देऊ नका. आधी कागद करू या, एवढेच सांगा. शिधापत्रिकेची झेरॉक्स त्यांना सोबत नेऊन काढा, आणि मूळ कार्ड त्याच पिशवीत बांधून लगेच त्यांच्या हाती परत द्या.